शंभरावं कार्ड

"मास्तर, समदं लिवा, फकस्त गावाचं नाव नको," द्वारका म्हणाली.

मी पेन तसंच हातात धरून तिच्याकडे बघितलं. रेडिओला पाठवायच्या कार्डावर गावाचं नाव नको म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं. लोक गावाचं नाव यावं म्हणून जीव टाकायचे.

"का हो? गावाला काय झालं?"

"त्यांला कळंल ना, म्या कुठं हाय ते."

हे शहात्तर सालचं. कुर्डुवाडीत स्टेशन रोडला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं आणि द्वारका माझ्याकडे हातशिलाईला होती. काजं करायची, हुक लावायची, ब्लाउजची हेमिंग करायची. आठ महिन्यांपूर्वी लातूरकडून येणाऱ्या छोट्या गाडीतून पाच वर्षांच्या मंदाला घेऊन उतरली होती. कुर्डुवाडीच का, तर गाडी पुढं जात नव्हती म्हणून. नवरा मारायचा. मारायचा म्हणजे कसा, ते तिनं मला कधी सांगितलं नाही, पण डाव्या हाताचं एक बोट तिला मिटता येत नव्हतं. शेवटी त्यानं मंदावरही हात उचलला, तेव्हा ती निघाली.

आमचा हुसेनभाई रेल्वेत पॉइंटमन. ती स्टेशनवर दोन दिवस बसलेली बघून त्यानंच तिला घरामागची खोली दिली आणि माझ्या दुकानात आणून उभी केली. "मास्तर, हिच्या हाताला काम द्या, आणि कुणी विचारलं तर ही माझ्या गावाकडची," एवढंच बोलला.

माहेरी का गेली नाही म्हणाल, तर साटंलोटं. ही त्या घरात दिलेली आणि तिची नणंद हिच्या भावाला केलेली. ही परत आली तर ते लोक आपली पोरगी माघारी नेणार, भावाचा संसार मोडणार. भाऊ कशाला हिला ठेवून घेतोय? त्यानंच दोनदा उचलून सासरी नेऊन घातली होती. घरात आई तेवढी हिची. पण आईला अक्षर वाचता येत नव्हतं, पत्र आलं की भाऊच फोडणार. आठ महिने म्हातारीला पोरगी जिवंत आहे की विहिरीत पडली, हेही ठाऊक नव्हतं.

आणि द्वारकाला माझा रेडिओ सापडला.

आता हे रेडिओचं सांगायला पाहिजे, नाहीतर आजच्या माणसाला वाटेल ही काय येडी माणसं. दर रविवारी दुपारी फर्माईशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. गाण्याआधी निवेदिका फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायची. अमुक गावाहून अमुक, तमुक आणि तमुक. संपलं. पण त्या दोन सेकंदांसाठी आम्ही आठवडा घालवायचो. गावात टॉकीज होतं, जत्रेला तमाशाचे फड यायचे, पण तिथं आपण नुसते बघणारे. रेडिओत आपलं नाव यायचं हो! मी, हुसेनभाई, पानवाले मुरलीधरपंत आणि आणखी दहाबारा जण मिळून 'नवरंग रेडिओ श्रोता मंडळ' काढलेलं. कार्डावर जितकी नावं जास्त तितकं ते वाचलं जातं, असा आमचा समज होता. म्हणून बायकापोरं, व्याही, पाळण्यातलं तान्हं, सगळ्यांना कार्डावर चढवायचो. मुरलीधरपंतांचे वडील वारून चार वर्षं झाली तरी दर महिन्याला गाणी मागायचे.

माझी खासियत वेगळी होती. मी कार्डाच्या कडेनं मशीनवर लाल-हिरव्या दोऱ्याची टीप मारायचो. हजार कार्डांच्या ढिगात ते उठून दिसायचं. एकदा तर निवेदिका गाण्याआधी म्हणाली होती, "कुर्डुवाडीहून शिवलेलं कार्ड आलंय." त्या दिवशी माझ्या छातीची मापं बदलली असतील.

दुकानात मापाच्या आरशाशेजारी एक फळा होता. कुर्डुवाडीचं नाव रेडिओवर किती वेळा आलं, ते त्यावर लिहिलेलं असायचं. नियम माझाच. निवेदिकेनं गावाचं नाव घेतलं तरच धरायचं, नाहीतर नाही. बार्शीच्या मंडळाचाही हाच नियम. तेव्हा आमचे झाले होते नव्व्याण्णव आणि बार्शीकरांचे अठ्ठ्याण्णव. झोप उडाली होती माझी.

"आई ऐकती," द्वारका सांगत होती. "आमच्याकडं पंचायतीपुढं भोंगा लावलाय. रविवारी म्हातारी पायऱ्यांवर बसून गाणी ऐकती. तुमी साळू लिवा. नुसतं साळू."

"साळू कोण?"

ती खाली बघून हसली. आठ महिन्यांत मी तिला हसताना फारसं पाहिलं नव्हतं. "बाप म्हनायचा मला. तो गेल्यावर आईच म्हनती, ते बी घरात कुनी नसलं तर. भावाला ठावं न्हाई." मग तिनं गाणं सांगितलं. माहेरच्या वाटेचं, जुन्या सिनेमातलं. बाप हौसेनं म्हणायचा म्हणे. "आईला लगीच कळंल. पोरगी हाय म्हनून कळलं, बास झालं. कुठं हाय ते नगं."

"बरं," मी म्हणालो. "नाही लिहीत."

"शप्पत घ्या."

"अहो, नाही लिहीत म्हटलं ना!"

मग मी ते कार्ड बनवायला घेतलं. काय सांगू, तसं कार्ड मी त्याआधी बनवलं नव्हतं आणि नंतरही नाही. तांबड्या शाईनं गाण्याचं नाव, निळ्या शाईनं साळू. कडेनं दुहेरी टीप, कोपऱ्यांत चार बारीक फुलं. ढिगात हे पहिलं उचललं जाणार याची मला खातरी होती. द्वारकाला दाखवलं. ती तिसरीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून तिनं वाचलं. मंदा कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांची बाहुली करत बसलेली, तिलाही बोलावून दाखवलं. "बघ, आजीला धाडायचंय."

दोघी घरी गेल्या. मी दुकान आवरायला घेतलं. कार्ड टेबलावर होतं. खाली गावाच्या नावाची जागा मोकळी. मी फळ्याकडे बघितलं. नव्व्याण्णव.

मला वाटलं, एवढं देखणं कार्ड वाचलं जाणार, आणि धरलं जाणार नाही. पुढच्या रविवारी बार्शीकरांची दोन आली तर? मी मनाशीच वकिली सुरू केली. कुर्डुवाडी म्हणजे काय खेडं आहे का? जंक्शन आहे. रोज हजार माणसं चढतात, उतरतात. इथं कोण कुणाला शोधतंय? आणि साळू म्हणजे कोण, हे त्या नवऱ्याच्या बापाला तरी कळणार आहे का?

मी पेन उघडलं आणि लिहिलं, कुर्डुवाडी. जाताना पेटीत टाकून घरी गेलो. जेवलोसुद्धा नीट.

तिसऱ्या रविवारी कार्ड लागलं. दुकान भरलेलं होतं, मुरलीधरपंत खुर्चीवर, हुसेनभाई ड्यूटी संपवून तसाच कपड्यांत आलेला. द्वारका कोपऱ्यात हेमिंगला बसली होती. निवेदिका म्हणाली, "कुर्डुवाडीहून साळू यांनी फार सुंदर शिवलेलं कार्ड पाठवलंय. आणि त्यांना ऐकायचंय..."

"शंभर!" हुसेनभाई ओरडला. "मास्तर, शंभर झाले!"

मुरलीधरपंतांनी मला मिठी मारली. कुणीतरी पेढे आणायला पळालं. हुसेनभाईनं स्वतः उठून फळ्यावर खडूनं शंभर लिहिलं, दोनदा गिरवलं. गाणं चालूच होतं, पण ते कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मी द्वारकाकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलंच. तिची सुई कापडात तशीच अडकलेली होती.

सगळे गेल्यावर ती उठून टेबलापाशी आली. "मास्तर, गावाचं नाव कसं आलं?"

खरं बोलायची तीच वेळ होती. पण आत्ताच लोकांनी मला मिठ्या मारल्या होत्या, तोंडात पेढा होता.

"टपालाचा शिक्का बघितला असेल त्यांनी," मी म्हणालो. "कार्डावर शिक्का असतो ना गावाचा."

"व्हय की. शिक्क्याचं माज्या बी ध्यानात न्हाई आलं," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार मास्तर. तुमची काय चूक."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण ती पुढं म्हणाली, "म्या जाऊ का दुसरीकडं? दौंडला न्हाईतर कुठं बी. हुसेनभाईंची वळख हाय म्हनं तिकडं."

लग्नसराई तोंडावर होती. साठ ब्लाउज पडले होते माझ्याकडे. "काहीतरीच काय!" मी म्हणालो. "साळू कोण हे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? मग? उगाच भिताय. बसा निवांत." आणि ती बसली. मी सांगितलं म्हणून बसली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. काळपट हिरवं लुगडं, पायात काही नाही, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. स्टेशनपासून विचारत विचारत आली होती.

"बाबा, ते रेडूत गानं लावनारे हितंच ऱ्हात्यात का?"

"इथंच. मीच तो," मी म्हणालो. बघा माझी अक्कल, त्यावेळीसुद्धा मला बरंच वाटलं.

"साळू कुठाय माजी?"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला. द्वारका उठून आली होती आणि बटणांचा डबा जमिनीवर सांडला होता. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मग म्हातारीनं पायरीवरूनच हात पुढं केले. द्वारका त्या बटणांवरून चालत गेली. रडणं म्हणावं तर ते रडणं नव्हतं, दोघींच्या तोंडून नुसता हुंकार निघत होता. मंदाला कळेना काय झालं, ती बाहुली घेऊन उभी.

"भोंग्यात नाव आलं न् म्या उठूनच हुबी ऱ्हायले," म्हातारी सांगत होती. "पोरी इच्यारत्यात, काय झालं आज्जी? काय सांगू? गाव बी सांगितलं गं बाईनं. जिवंत हाय एवढंच कळलं असतं तर बसले असते देवाचं नाव घेत. पन गाव कळल्यावर कसा दम निघावा? तीन दिस कशीबशी कळ काढली. आज सुनंला म्हनलं, तुळजापूरला जाऊन येते."

द्वारका एकदम ताठ झाली. "वयनी काय म्हनली?"

"काय म्हनंल? जावा म्हनली."

"आई, तू कदी वेस वलांडत न्हाईस. तुळजापूरला येष्टी जाती. तू गाडीत बसलीस. ठेसनावर कुनी बघितलं का?"

म्हातारी म्हणाली, "तिकीट देनारा वळखीचा हाय तुज्या भावाच्या."

मी हुसेनभाईला निरोप धाडला. तो आला, म्हणाला, चारच्या गाडीनं येतील आले तर. त्याआधी दौंडच्या पॅसेंजरला द्वारका आणि मंदाला बसवून देतो. ती गाडी साडेतीनची. द्वारकानं खोलीवर जाऊन गाठोडं बांधलं. म्हातारीला सोडवत नव्हतं, ती मंदाला मांडीवर घेऊन भाकरी भरवत बसली. सव्वातीनला आम्ही सगळे दुकानातून निघत होतो, तेव्हा समोर एक जीप येऊन थांबली. गाडीची वाट ते कशाला बघतील? गावच्या कुणाची तरी जीप मागून आणली होती.

नवरा उतरला, भाऊ उतरला. नवरा दिसायला अगदी साधा माणूस, पांढरा सदरा, कपाळाला बुक्का. मी कुणीतरी राक्षस येईल म्हणून बसलो होतो. त्यानं द्वारकाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मंदाला उचललं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं.

हुसेनभाई आडवा गेला. "ओ पाव्हणं, पोरीला खाली ठेवा."

"माजी पोरगी हाय," तो म्हणाला. "तू कोन?"

रस्त्यावर माणसं जमली. कुणी काही बोललं नाही. बाप आपली पोरगी नेतोय, त्यात काय बोलायचं? हुसेनभाईच्या छातीवर भावानं हात ठेवला आणि म्हणाला, "आमच्या घरची बाई तुज्या खोलीत ठिवलीस, आता बोलतोस वर?" हुसेनभाईची मान खाली गेली. मी गळ्यात टेप घालून दुकानाच्या दारात उभा होतो. मीही बोललो नाही. जीपमधून मंदा आईला हाका मारत होती. तिची बाहुली रस्त्यात पडली होती.

म्हातारी खाली बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवायला लागली. "म्याच आनलं गं यांला! म्याच माग दावला! माज्या पायाला आग लागो!"

त्या क्षणी मी नुसतं एक वाक्य बोललो असतो, की आजी, तुमची चूक नाही, गावाचं नाव मी लिहिलंय, तर तिचे हात थांबले असते. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण मुरलीधरपंत शेजारी उभे होते, हुसेनभाई समोर होता. मी मूग गिळून उभा राहिलो.

द्वारका रडली नाही. जीपकडे निघाली, मग परत फिरून माझ्यापाशी आली. बोटातलं शिवणकामाचं अंगुस्तान काढून तिनं माझ्या हातावर ठेवलं.

"कुलकर्णीबाईंच्या निळ्या बिलाउजाच्या दोन बाह्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. आणि मग, "तुमी जिवाला लावून घिऊ नगा मास्तर. शिक्क्याला कोन काय करनार."

ती पोरीसाठी गेली. जीपमध्ये मागं, आईशेजारी बसून.

त्यानंतर मी कार्ड पाठवलं नाही. मंडळातल्यांना वाटलं, शंभर झाले, मास्तरांचं मन भरलं. बार्शीकरांनी पुढच्याच महिन्यात शंभर ओलांडले. मी रेडिओ लावायचो, पण तो नुसता चालू असायचा, एवढंच. हुसेनभाई दोनदा सुट्टी काढून तिच्या सासरच्या गावाला जाऊन आला. पहिल्यांदा म्हणाला, लांबून बघितली, पाणी नेत होती. दुसऱ्यांदा म्हणाला, दिसली नाही, विचारलं तर लोक अंगावर आले.

तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्यातला रविवार होता. दुकानात मी आणि हुसेनभाई दोघंच. तोवर गावात दोन घरी टीव्हीचे खांब उभे राहिले होते आणि मंडळ नावाला उरलं होतं. मी मशीनवर होतो. निवेदिका गावं वाचत होती, नेहमीसारखीच, आणि मधेच थांबली.

"पुढच्या कार्डावर गावाचं नावच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण कडेनं लाल-हिरव्या दोऱ्याची इतकी सुबक हातशिलाई घातली आहे, की हे कार्ड बाजूला ठेवावंसं वाटलं नाही. फर्माईश आहे साळू आणि कुमारी मंदा यांची."

आणि तेच गाणं लागलं.

माझे पाय मशीनवर थांबले. हुसेनभाई उठून उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "निसटली!" तो म्हणाला. "मास्तर, पोरीला घेऊन निसटली बघा! शाब्बास!" मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, जीव हलका झाला माझा. पंचायतीच्या पायऱ्यांवर म्हातारी अजून बसत होती की नाही, ते मला ठाऊक नव्हतं, पण बसत असली तर तिला कळलं होतं.

गाणं निम्म्यावर आलं आणि हुसेनभाई हळूहळू खाली बसला. काहीतरी जुळवत असल्यासारखा तो रेडिओकडे बघत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "कार्ड टपालानंच गेलं असणार की हो."

"हो."

"म्हणजे शिक्का असणार त्याच्यावर."

मी मशीनची बॉबिन काढून परत बसवली.

"मग त्यांनी ह्या शिक्क्यावरचं गाव कसं नाही वाचलं?"

मी मान खाली घालून मशीन सुरू केली. सुईखाली कापड नव्हतं, हे नंतर ध्यानात आलं. हुसेनभाई गाणं संपेपर्यंत बसला. मग टोपी घालून निघून गेला. पुढं रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा, पण दुकानाची पायरी तो परत कधी चढला नाही.

हुसेनभाई गेला त्यालाही आता बारा वर्षं झाली. परवा जुन्या श्रोत्यांचं संमेलन भरवणारे दोघं घरी आले होते. मला शाल देणार आहेत म्हणे. मी नको म्हणून दमलो, ते ऐकेनात. मानपत्र लिहायला त्यांनी कागद काढला.

"मास्तर, तुमच्यामुळं गावाचं नाव शंभर वेळा आलं ना रेडिओवर?"

"नव्व्याण्णव लिहा," मी म्हणालो.

"अहो, पण मंडळाच्या जुन्या फोटोत फळ्यावर शंभर दिसतंय."

"फळा चुकलाय," मी म्हणालो आणि त्यांना चहा आणायला आत गेलो.